मऊ टोपीचा धागा कुठून आला?

ज्यांचं लोकलमध्ये नेट जातं, ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, किंवा ज्यांना लेक्चरला मागच्या बाकावर बसून गुपचूप वाचायचंय, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग. बोललो तसंच लिहिलंय. फक्त मधले 'अं... अं...' आणि मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढल्यात.

आजचा विषय आहे टोपी. हाताने विणलेली, लोकरीची, एकदम मऊ टोपी. तुम्ही म्हणाल, मागच्या वेळी लढाई होती, त्याआधी किल्ला होता, आता टोपी? ऐका तर खरं. ही टोपी मला फ्रान्सच्या सरदारांपासून हिमलरच्या घरापर्यंत घेऊन गेली आणि शेवटी निफाडला आजीसमोर आणून बसवलं. तिथे आजीने असा प्रश्न विचारला की मला पटकन उत्तर देता येईना.

सुरुवातीपासून सांगतो.

गेल्या वर्षी कंपनीने मला तीन महिन्यांसाठी म्युनिकला पाठवलं. आजी निफाडला असते. निफाड म्हणजे द्राक्षं आणि थंडी. डिसेंबर-जानेवारीत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून बातम्यांत ज्याचं नाव येतं ना, तेच हे निफाड. त्यामुळे आजीच्या हातात बारा महिने लोकर आणि सुया. कानटोप्या, मोजे, मफलर. आमच्या घरात थंडीत कोणाचं डोकं उघडं दिसलं तर तो आजीला स्वतःचा अपमान वाटतो.

निघताना सगळ्यांनी चॉकलेटं सांगितली. आजीने सांगितलं, "ती सशाची लोकर मिळाली तर बघ बाबा. अंगोरा म्हणतात ती." बऱ्याच वर्षांपूर्वी ती मंडळासोबत मनालीला गेली होती. तिथे एका बाईने तिच्या मांडीवर फोटोसाठी कापसाच्या ढिगासारखा ससा ठेवला होता. तो स्पर्श आजी विसरलेली नव्हती.

म्युनिकमध्ये लोकरीचं एक छोटं दुकान सापडलं. तिथून पन्नास-पन्नास ग्रॅमचे दोन गुंडे घेतले, राखाडी रंगाचे. लेबलवर लिहिलं होतं: २० टक्के अंगोरा, ८० टक्के मेंढीची लोकर. किंमत आजीला आजतागायत सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

आधी नावाचा घोळ

अंगोरा म्हणजे काय? तुर्कस्तानची राजधानी अंकारा आपल्याला माहीत आहे. युरोपात या शहराला पूर्वी अंगोरा म्हणायचे. त्या नावावरून शेळी, मांजर आणि ससा अशा तीन लांब केसांच्या प्राण्यांना अंगोरा म्हणतात. आता गंमत बघा. अंगोरा शेळीच्या केसांपासून जो धागा होतो त्याचं नाव मोहेर. आणि 'अंगोरा' नावाने जो धागा विकला जातो तो सशाचा. व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की पुढचा प्रत्येक माणूस गोंधळतो, तसंच हे.

अठराव्या शतकात हे ससे फ्रान्समध्ये श्रीमंतांच्या घरी शोभेसाठी पाळले जात. पुढे लक्षात आलं की नुसतं कुरवाळायचं कशाला, याचे केस कातताही येतात. हा केस फार वेगळा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, अंगोराचा तंतू साधारण १२ ते १४. शिवाय आतून पोकळ, हवेचे बारीक कप्पे असलेला. हवा अडकली की उष्णता अडकते. म्हणून वजन नाही आणि ऊब भरपूर. टोपीसाठी यापेक्षा चांगलं काय हवं?

पण विणणाऱ्याला विचारा, तो लगेच अडचणीही सांगेल. आजीने गुंडा हातात घेतला, दोन बोटांत धागा ताणून पाहिला आणि म्हणाली, "याला ताण नाही रे." बरोबर बोलली. मेंढीची लोकर ओढली की परत जागेवर येते, कारण तिच्या तंतूला नागमोडी वळणं असतात. अंगोरा गुळगुळीत आणि सरळ, त्यामुळे तो ताणला की तसाच राहतो. नुसत्या अंगोराची टोपी केली तर काही दिवसांत सैल होऊन डोळ्यांवर येईल. म्हणून त्यात मेंढीची लोकर मिसळतात. कपाळावर बसणारी पट्टी 'एक सुलट, एक उलट' अशा टाक्यांनी घट्ट घालतात आणि वरचा भाग थोड्या जाड सुईवर सैलसर विणतात. टाक्यांमध्ये जागा राहिली की हळूहळू केस बाहेर येतात आणि टोपीभोवती धुक्यासारखी लव तयार होते. घट्ट विणलं तर ती लव आतच दबून जाते. धुवायची ती थंड पाण्यात, न चोळता. गरम पाण्यात चोळली की केस एकमेकांत अडकून त्याचा नमदा होतो. मोठ्या माणसाची टोपी बाळाच्या मापाची व्हायला पाच मिनिटं पुरतात.

बाळावरून आठवलं. ही टोपी आधी ताईच्या होणाऱ्या बाळासाठी करायची ठरली होती. आजीने एका वाक्यात तो विषय संपवला. "तान्ह्याला हे नको, केस तोंडात जातात." बाळाला सुती टोपरं, आणि अंगोराची टोपी ताईला.

टोपीच्या नावात लपलेला ससा

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या काळात इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीत कित्येक घरांच्या मागे अंगोरा सशांची खुराडी असायची. मोठी जमीन लागत नाही, चारा थोडा लागतो, म्हणून हा घरबसल्या करायचा जोडधंदा होता. दर तीन महिन्यांनी केस कापायचे किंवा गळायला आलेले केस हाताने विंचरून, उपटून काढायचे. फ्रान्समध्ये उपटायची पद्धत, जर्मनीत कातरायची.

त्याच काळात याकोब स्प्रायरेगन नावाचा माणूस इंग्लंडमध्ये टोप्यांच्या धंद्यात होता. पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असलेला. आधी तो फ्रान्समधून बेरे टोप्या आणून विकायचा. १९३८ मध्ये त्याने उत्तर इंग्लंडमधल्या क्लीटर गावात स्वतःचा कारखाना काढला. त्याच्या टोप्यांचं नाव कँगोल.

हो, तेच कँगोल! रॅपर एलएल कूल जेच्या डोक्यावरचं, 'जॅकी ब्राउन'मध्ये सॅम्युअल एल. जॅक्सनच्या डोक्यावरचं. कांगारूचं चित्र बघून मला वाटायचं की ही ऑस्ट्रेलियाची कंपनी. कांगारूचा काही संबंध नाही. अमेरिकेतली गिऱ्हाइकं दुकानात येऊन 'ती कांगारूवाली टोपी' मागायला लागली, म्हणून १९८३ मध्ये कंपनीने ते चित्र घेतलं. मूळ नावातला 'अँग' हा अंगोरातला आणि 'ओल' हा वूलमधला. पहिल्या 'के'बद्दल दोन गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं निटिंगमधला, कोणी म्हणतं सिल्कमधला.

म्हणजे १९३८ मध्ये एक ज्यू माणूस आपल्या टोपीच्या नावात हा ससा घालतो. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्याचा कारखाना ब्रिटिश सैनिकांसाठी बेरे बनवतो. समोरच्या बाजूला त्याच सशाचं काय चाललं होतं, ते मला पुढच्या रविवारी कळलं.

रविवार

म्युनिकहून लोकल पकडली की साधारण पंचवीस मिनिटांत डाखाऊ. नाझींची ही छळछावणी २२ मार्च १९३३ ला सुरू झाली, हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्याने ती मुक्त केली. मधल्या बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त कैदी तिथे आणि तिच्या उपछावण्यांत होते. त्यातले ४१ हजारांहून जास्त मेले.

मी गेलो तेव्हा पाऊस होता. मूळ बराकी आज उभ्या नाहीत, त्यांच्या जागा दाखवणारे लांबलचक चौथरे आहेत. त्यांच्यामधल्या रस्त्याने उत्तरेच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथे आता प्रार्थनास्थळं आहेत. जुन्या नकाशात त्याच टोकाला काय होतं, तर कैद्यांकडून राबवून घेतलेली बाग, कपडे निर्जंतुक करायची बराक आणि अंगोरा सशांची खुराडी.

मी ते दोनदा वाचलं. माझ्या खोलीवर, बॅगेत, दोन राखाडी गुंडे पडले होते.

एसएसचा प्रमुख हाइनरिश हिमलर. राजकारणात मोठा व्हायच्या आधी त्याने म्युनिकजवळ कोंबड्या पाळून बघितल्या होत्या. युद्ध सुरू झाल्यावर त्याच्या एसएसने छळछावण्यांमध्ये अंगोरा ससे पाळायला घेतले. डाखाऊ, बुखेनवाल्ड, आउशवित्झ, रावेन्सब्रुक, एकूण ३१ छावण्या. लोकर कशासाठी, तर जर्मन सैन्याचे गरम कपडे आणि वैमानिकांच्या जाकिटांचं अस्तर.

१९४५ मध्ये सिग्रिड शुल्ट्झ ही 'शिकागो ट्रिब्यून'ची पत्रकार हिमलरच्या घरापर्यंत पोचली. युद्धाआधी बर्लिनमध्ये वर्षानुवर्षं राहून नाझींच्या बातम्या देणारी बाई ती. तिला तिथे फोटोंचा एक अल्बम मिळाला. नाव: 'अंगोरा'. आत दीडशेच्या आसपास फोटो. ओळीने मांडलेली स्वच्छ, प्रशस्त खुराडी. नीट विंचरलेले गुबगुबीत ससे. पुढे हा अल्बम शुल्ट्झकडून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या इतिहास संस्थेकडे आला. तो आजही तिथे आहे.

त्या फोटोंमध्ये मारहाण दिसत नाही, रक्त दिसत नाही. दिसते ती काळजी. सशांना वेळेवर खाणं, स्वच्छ जागा, हळुवार हात. आणि त्याच कुंपणाच्या आत दोनशे माणसांच्या बराकीत कित्येक पट जास्त माणसं कोंबलेली, उपाशी. प्राण्याची काळजी कशी घ्यायची, त्याला आजारी कसं पडू द्यायचं नाही, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. माणसांच्या बाबतीत त्यांनी ते मुद्दाम केलं नाही.

मी इंजिनिअर, त्यामुळे खोलीवर परत आल्यावर हिशेब केला. १९४३ मध्ये या प्रकल्पात साधारण ६५ हजार ससे होते आणि १० हजार पौंडांच्या थोडी वर लोकर निघाली होती. म्हणजे साडेचार हजार किलो. भागाकार करा, एका सशामागे जेमतेम ७० ग्रॅम. चांगला सांभाळलेला जर्मन अंगोरा ससा वर्षाला किलोच्या आसपास लोकर देतो. कळपात पिल्लं असतील हे धरलं तरी हा आकडा फारच लहान आहे. इतका थाट, अल्बम, फोटो, आणि एका सशामागे एक-दीड टोपी होईल एवढा धागा. बाहेरून चकाचक डॅशबोर्ड आणि आत काहीच चालत नाही, असे प्रोजेक्ट आपण ऑफिसात बघतो. तिथे फार तर क्लायंट ओरडतो. इथे शेजारच्या बराकीत माणसं मरत होती.

सशांना नाही म्हणणाऱ्या बायका

या गोष्टीत मला एकच जागा सापडली जिथे थोडा श्वास घेता आला. रावेन्सब्रुक ही बायकांची छावणी. तिथे यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या बऱ्याच स्त्रिया कैदेत होत्या. युद्धात कुठल्याही प्रकारे भाग घ्यायचा नाही, ही त्यांची श्रद्धा. हिटलरला सलाम करायला नकार दिला म्हणूनही या पंथाची माणसं तुरुंगात गेली होती. या बायका कामात चोख. पळून जाणार नाहीत याची एसएसला खात्री, म्हणून त्यांना विश्वासाची कामं मिळायची. अंगोरा सशांची देखभाल हे त्यातलंच एक. बाकीच्या कामांच्या मानाने पुष्कळ बरं.

मग त्यांच्यातल्या काही जणींनी ठरवलं की ही लोकर सैन्यासाठी जाते, तर आम्ही हे काम करणार नाही. त्यांनी सशांचं काम सोडलं. छावणीत काम नाकारणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. त्यांना जबर शिक्षा झाली. मार्गारेटे बुबर-न्यूमन ही त्यांच्या बराकीची प्रमुख म्हणून काम केलेली कैदी स्वतः वाचली. तिने युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत या बायकांबद्दल बरंच सांगितलंय. त्यांच्या हट्टाचा तिला कधीकधी रागही यायचा, तोही तिने लपवलेला नाही.

विचार करा. हातात मऊ ससा, त्यातल्या त्यात बरं काम, आणि तरी त्या बायकांनी तो धागा पुढे कुठे जातो ते पाहिलं. आपण दुकानात उभं राहून तो मागे कुठून आला, एवढंही विचारत नाही.

मग आजचं काय?

युद्ध संपलं, धागा चालूच राहिला. फॅशन आली, गेली, परत आली. हळूहळू उत्पादन चीनकडे सरकलं आणि आज जगातला बहुतेक अंगोरा तिथूनच येतो. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पेटा एशियाने चीनमधल्या फार्मवरचा एक व्हिडिओ बाहेर काढला. त्यात जिवंत सशांचे केस ओरबाडून काढले जात होते आणि ससे किंचाळत होते. ससा एरवी आवाज करत नाही, म्हणून ते जास्तच अंगावर येतं. मी बघितलाय, तुम्ही बघायलाच पाहिजे असं नाही. त्यानंतर एचअँडएमसारख्या मोठ्या कंपन्यांनी अंगोरा थांबवला. झाराची मालक कंपनी इंडिटेक्सने २०१५ मध्ये तो बंद केला आणि उरलेला माल लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासितांना दिला.

म्हणजे अंगोरा वाईट, विषय संपला? नाही ना. आपल्याकडे हिमाचलमध्ये १९८० च्या दशकात जर्मन अंगोरा ससे आणले गेले. कुल्लूजवळच्या गार्सा इथे सरकारी संशोधन केंद्रात त्यांच्यावर काम होतं. डोंगरातल्या छोट्या घरांना चार ससे पाळून, केस कातरून, शाली-टोप्या विणून थोडे पैसे मिळावेत, हा त्यामागचा विचार. लांब केसांच्या सशाला कातरावंच लागतं, नाहीतर केसांच्या गाठी होऊन त्यालाच त्रास. नीट हाताने, कात्रीने कातरलं तर ते आपल्या केस कापण्यासारखंच. हाच ससा, हाच धागा. फरक पडतो तो कोणाच्या हातात आहे आणि तो हात कसा चालतो याने. आणि घोळ असा की तयार टोपीला हात लावून हे कळत नाही. ओरबाडलेला अंगोरा मऊच लागतो, छावणीतलाही मऊच लागत असणार.

निफाड

मी घरी आलो, गुंडे आजीला दिले आणि गप्प बसलो. टोपी अर्धी झाली तेव्हा राहवलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. हिमलर म्हणजे कोण, छावणी म्हणजे काय, अल्बम, खुराडी. आजी विणता विणता ऐकत होती. मग सुया थांबल्या.

तिने विचारलं, "सशांना खायला घालायचे त्या माणसांना कोणी खायला घालायचं का रे?"

मी म्हणालो, "नाही आजी. फार कमी."

"आणि ही लोकर? ही कुठली?"

ते मला माहीत नव्हतं. लेबलवर अंगोरा किती टक्के ते होतं, धुवायचं कसं ते होतं, ससा कुठला ते नव्हतं. त्या रात्री धागा बनवणाऱ्या कंपनीला मेल टाकला. आठवड्याने उत्तर आलं, अतिशय नम्र: आमचा अंगोरा वेगवेगळ्या देशांतून येतो, पुरवठादार नियम पाळतात. देशांची नावं विचारली, त्याचं उत्तर आलं नाही.

माझ्या हिशेबाने त्या दोन गुंड्यांत २० ग्रॅम अंगोरा होता. एका चांगल्या सशाच्या एका कातरणीत अडीचशे ग्रॅम निघतो, म्हणजे त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. मी आजीला ते सांगितलं, थोडं स्वतःचं समाधान म्हणून. ती म्हणाली, "थोडं असलं म्हणून काय विचारायचं नाही का?"

दोन दिवस तिने सुयांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टोपी पुढे सरकलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अर्धी ठेवून त्या सशाला काय मिळणार आहे? पण पुढच्या वेळी विचारून आण. नाहीतर आपली मेंढीची बरी. धनगर येतात ते तरी समोर दिसतात."

टोपी झाली. ताईने ती जानेवारीत सकाळी सहाला अंगणात घातली, हातात चहा, टोपीभोवती ती धुक्यासारखी लव. खरं सांगतो, सुंदर दिसत होती. आणि मला तिच्याकडे बघताना डाखाऊचं ते उत्तरेचं टोकही दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी. उरलेला अर्धा गुंडा आजीच्या पिशवीत तळाला आहे. तिने त्याचं पुढे काहीच केलेलं नाही.

तर मंडळी, आज एक काम करा. घरातली सगळ्यात मऊ टोपी, स्वेटर, शाल शोधा आणि आतलं लेबल वाचा. हाताने विणलेली असेल तर कोणी विणली, लोकर कुठून आणली, ते घरी विचारा. आजी-आत्या-मावशीकडून काही गोष्ट निघाली तर मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागाच्या शेवटी ऐकवीन, तुमचं नाव घेऊन किंवा न घेता, तुम्ही सांगाल तसं.

भेटू पुढच्या रविवारी. तोवर कान झाकून फिरा. हे मी म्हणत नाही, आजी म्हणतेय.